कोरल मिटून बसलंय? विदर्भातल्या घरच्या रीफ टँकची तपासणी कशी करायची

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) सांभाळायचा टँक. त्यावरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांत राहणाऱ्या माणसांनी केलेले असतात. त्यांच्या खोलीत वर्षभर एकसारखं तापमान असतं, नळाला बरं पाणी येतं आणि वीज क्वचितच जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकतो, बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर चढतो आणि ऐन दुपारी लाइट जाते. अशा वेळी कोरल सुकायला लागलं आणि तुम्ही त्या व्हिडिओंच्या क्रमाने कारण शोधत बसलात, तर खरं कारण सापडेपर्यंत अर्धा टँक हातचा जातो.

मी वरुडकडच्या संत्रापट्ट्यात राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून सॉफ्ट कोरलचा, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या मऊ कोरलचा टँक सांभाळतो. आसपासच्या तालुक्यांतल्या नव्या मंडळींचे फोन येत असतात. ते ऐकून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडे कोरल रोगाने क्वचितच जातं. ते जातं उष्णतेने, पाण्याने, विजेने आणि घरात-वावरात वापरायच्या औषधांनी. म्हणून तपासणीचा क्रमही आपल्या परिस्थितीचाच हवा. खाली तोच क्रम दिलाय. कितीही घाई झाली तरी बाटलीतलं कुठलंही ‘कोरल टॉनिक’ नवव्या पायरीच्या आधी उघडू नका.

१. टँकमध्ये काय आहे आणि त्याचा कागद आहे का

हे सगळ्यात आधी. दगडासारखा सांगाडा तयार करणारी सगळी कोरलं, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात. मेळघाट-ताडोब्यातला वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे. मेलेल्या कोरलचा तुकडाही यातून सुटत नाही. त्यामुळे मालवणच्या किंवा रामेश्वरच्या सहलीतून ‘सुंदर दगड’ उचलून आणू नका आणि कोणी ‘इंडियन लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव वसलेला दगड) स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. टँकसाठी सिरॅमिकचा किंवा कृत्रिम दगड मिळतो. त्यावर जिवाणू छान वसतात.

या लेखात मी सॉफ्ट कोरल आणि त्यांच्या जवळच्या जातींबद्दलच बोलतोय: मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया. यांचंही पक्कं बिल घ्या आणि बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. साईटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला आयात केलेला जीव घेत असाल तर आयात परवान्याची प्रत मागा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. विक्रेता कागद द्यायला कां-कूं करत असेल तर तिथून परत फिरा.

२. हाताशी काय असायला हवं

- दोन थर्मामीटर. एक बिघडला तर दुसऱ्याने कळतं.
- रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र. काटा हलणारं प्लास्टिकचं हायड्रोमीटर नको, त्यावर बुडबुडा चिकटला की आकडा बदलतो.
- टीडीएस पेन, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारं.
- अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्लता आवरून धरायची ताकद) टेस्ट किट.
- अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली नको ती द्रव्यं शोषणारा कोळसा), निदान अर्धा किलो.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप.
- लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा. हे का, ते दहाव्या पायरीत सांगतो.
- ग्रॅम दाखवणारा छोटा काटा.
- एक वही.

किटच्या बाटलीवरची मुदत बघून घ्या. टिनाच्या छताखाली, ४२ अंशांच्या खोलीत पडून राहिलेली रसायनं मुदतीच्या आधीच खराब होतात. किट घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. वहीत रोजचं तापमान, आठवड्याच्या टेस्ट आणि घरात काय वेगळं घडलं ते लिहा: रंगकाम, फवारणी, लाइट किती तास गेली. माझ्या अनुभवात निम्मी उत्तरं या शेवटच्या रकान्यातच सापडतात.

३. सगळेच मिटलेत की एकच?

टँकसमोर पाच मिनिटं नुसते बसा, हात घालू नका.

सगळी कोरलं एकाच वेळी मिटली असतील तर दोष पाण्यात आहे: तापमान, क्षारता, ऑक्सिजन किंवा एखादं विष. चौथ्या पायरीपासून आठवीपर्यंत क्रमाने जा. एकच कोरल मिटलं आणि बाकीची मजेत असतील तर पाण्याला दोष देऊ नका. त्या कोरलची जागा, प्रकाश, शेजारी किंवा कीड बघा आणि थेट नवव्या पायरीवर या.

गोगलगाई आणि खेकड्यांकडेही बघा. गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या असतील आणि मासे मात्र ठीक दिसत असतील, तर आधी तांबं किंवा कीटकनाशक असल्याचा संशय घ्या. मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय.

एक गोष्ट मात्र दुखणं नाही. लेदर कोरल अधूनमधून सगळे पॉलिप (अंगावरची फुलासारखी इवली तोंडं) आत ओढून घेतं, आक्रसतं आणि त्यावर मेणासारखी चकचकीत पातळ साय धरते. जवळून पाहिलं तर त्या सायीवर शेवाळ आणि कचरा चिकटलेला दिसतो. कात टाकण्यासारखाच तो प्रकार आहे. काही दिवसांत, कधी दोन-एक आठवड्यांत, ती साय फाटून निघते आणि खालून ताजं कोरल उघडतं. तोवर त्यावर पाण्याचा प्रवाह जरा वाढवा म्हणजे साय लवकर सुटेल. या काळात लोक घाबरून औषधं ओततात आणि त्यानेच बाकीचा टँक बिघडतो.

४. तापमान, दिवसातून तीनदा

सकाळी ६, दुपारी ४ आणि रात्री १० वाजता नोंद घ्या. दिवसातून एकदाच मोजलं तर दुपारचा चढ कळतच नाही. २४ ते २७ अंश उत्तम, २८ चालतं. ३० च्या वर पाणी काही दिवस राहिलं तर कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर फेकलं जातं. कोरलला रंग आणि बरंचसं अन्न त्याच शेवाळापासून मिळतं. ते गेलं की कोरल पांढरं पडतं. ते लगेच मेलेलं नसतं, पण उपाशी असतं.

नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की नुसत्या उष्णतेपेक्षा उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की नुकसान जास्त होतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये टँकची लाइट दुपारी लावूच नका. मी उन्हाळ्यात ती संध्याकाळी ५ ते रात्री ११ अशी ठेवतो आणि तीव्रता एक तृतीयांशाने उतरवतो. कोरलला घड्याळ कळत नाही, त्याला रोजची वेळ तीच लागते.

थंड कसं करायचं? आपला कोरडा उन्हाळा इथे कामी येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा आणि टँकवरची काच काढून मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी बसवा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते १५० लिटरच्या टँकमधून जवळपास ४ अंशांइतकी उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तेवढा हा उपाय जोरात चालतो. पण त्याच खोलीत खिडक्या लावून कूलर सुरू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. समोरासमोरची एक खिडकी उघडी ठेवा. कूलरचा झोत सरळ टँकवर सोडू नका, त्याच्या तुषारांतून बोअरचे क्षार पाण्यात उतरतात.

जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा पंख्यावर विसंबून चालत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा लक्ष द्यायला लागतं. चिलर परवडत असेल तर घ्या, पण त्याला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय चालवू नका. गावातल्या कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जळतो.

पाणी चढलंच असेल तर बर्फ सरळ पाण्यात टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून ती बाटली तरंगत ठेवा. दोन-तीन तासांत एक अंश, यापेक्षा वेगाने उतरवू नका.

आणि हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत गावाकडे रात्री पारा १० च्या खाली जातो. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने हीटर लागतो.

टँक बसवायचाच असेल तर माजघरात बसवा. पश्चिमेची भिंत आणि टिनाखालची ओसरी, दोन्ही टाळा.

५. क्षारता: उडतं ते पाणी, मीठ नाही

समुद्राची क्षारता साधारण ३५ भाग दर हजारी, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६ च्या आसपास. पाणी उडालं तरी मीठ टँकमध्येच राहतं. उन्हाळ्यात पंख्याखाली १५० लिटरमधून रोज ६ लिटर पाणी उडू शकतं. एकाच दिवसात ३५ चे साडेछत्तीस होतात. लग्नाला तीन दिवस बाहेरगावी गेलात तर आकडा ४० ला टेकतो आणि परत येता तेव्हा सगळी कोरलं मुठीसारखी आवळलेली दिसतात.

रोजची भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने घाला, मिठाच्या पाण्याने कधीच नाही. काचेवर पट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे घरातलं कोणीही भर घालू शकेल. बाहेरगावी जाताना आईला किंवा वहिनीला ती खूण दाखवून, पाण्याचा कॅन बाजूला ठेवून जा. फ्लोट वॉल्वचं स्वयंचलित टॉप-अप लावलंत तर फारच बरं.

क्षारता वाढलेली सापडली तर एका दमात खाली आणू नका. दिवसाला एक-दीड भाग उतरवा.

रिफ्रॅक्टोमीटर बरोबर आहे का, हे साध्या पाण्यावर शून्य दाखवतो की नाही एवढ्यावरून कळत नाही. घरच्या घरी तपासायचं असेल तर साडेछत्तीस ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी काट्यावर मोजून एकत्र करा. या द्रावणाला यंत्राने ३५ दाखवायला हवं. नाही दाखवलं तर स्क्रू फिरवून जुळवा. हे मीठ फक्त यंत्र तपासण्यापुरतं आहे. टँकमध्ये खायचं मीठ किंवा खड्याचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम त्यात नसतं.

६. बोअरचं पाणी आणि आरओ

घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्या पाण्याचा टीडीएस ३० ते १०० च्या घरात भरतो. प्यायला ठीक, कोरलला नाही. गावातल्या प्लांटवरून येणाऱ्या जारचंही तेच. टँकसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी लागते आणि पेनवर आकडा शून्य यायला हवा.

बोअरचं पाणी जड असेल तर रेझिन झपाट्याने संपतं. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी तर दर खेपेला मोजावं. तिथलं खारं पाणी पाहून काही जण विचारतात, ‘हेच वापरलं तर मीठ वाचेल का?’ नाही वाचणार. त्या खारटपणात क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं.

एसीच्या नळीतून पडणारं पाणीही नको. पेनवर त्याचा टीडीएस सुंदर दिसतो, पण ते तांब्याच्या कॉइलवरून ओघळून येतं. याच कारणाने तांब्याच्या हंड्यात, पितळी घागरीत पाणी साठवू नका. खाण्याचे पदार्थ ठेवायला चालणाऱ्या प्लास्टिकचा झाकणाचा ड्रम घ्या, ज्यात आधी कधीच खत किंवा औषध नव्हतं असा.

समुद्री मिठाची पिशवी पावसाळ्यात हवेतली ओल ओढून दगड होते. अशा मिठाचं पाणी गढूळ होतं आणि अल्कलिनिटी कमी भरते. पिशवी उघडली की मीठ हवाबंद डब्यात ओता. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे बदलतं. आदल्या रात्री मिसळा, पंप लावून फिरवत ठेवा, सकाळी क्षारता आणि तापमान जुळवूनच टँकमध्ये घाला.

७. लाइट गेली तेव्हा काय झालं?

कोरल सकाळी मिटलेलं दिसलं तर रात्री वीज किती वेळ नव्हती ते विचारा. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरतो. रात्री प्रकाश नसल्याने शेवाळही ऑक्सिजन सोडत नाही. त्यात पंप बंद पडला की काही तासांतच जीव गुदमरायला लागतो.

इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवत ठेवणारा पंप ठेवा. हीटर, चिलर आणि लाइट नको, त्यांनी बॅटरी संपते. बारा किंवा चोवीस व्होल्टचा डीसी वेव्हमेकर असेल तर तो रात्रभर निघतो. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप पुरे.

खारं पाणी आणि वीज एकत्र आहे, म्हणून एक सूचना जिवाची आहे. गावातल्या बऱ्याच घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं. टँकच्या बोर्डाला आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या, वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी मेन बटण बंद करा.

८. मोरचूद, फवारणी, डासांचं औषध

ही पायरी परदेशी व्हिडिओत सापडणार नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टँक इथेच जातात.

तांबं माशांना थोडंफार सोसतं. कोरल, गोगलगाई, कोळंबी यांना अगदी अत्यल्प प्रमाणातही ते विष आहे. आणि संत्र्याच्या बागेत तांबं किती वापरतो आपण! डिंक्या रोखायला बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो, त्यात १० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि एक किलो चुना जातो. फवारायच्या एक टक्का बोर्डोत तेवढंच १०० लिटरला.

माझ्या एका मित्राचा टँक मी असा जाताना पाहिलाय. मृगाच्या आधी दिवसभर बुंधे रंगवून तो घरी आला, साबणाने हात धुतले आणि घसरलेला एक दगड सरळ करायला कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. नखांच्या कडांना निळसर पांढरी रेघ तशीच होती. सकाळी त्याचा फोन आला, ‘भाऊ, सगळ्या गोगलगाई उलट्या पडून रायल्या, काई समजून नाई रायलं.’ दुपारपर्यंत झेनिया वितळून लोंबायला लागलं. मासे मात्र ठणठणीत होते. गोगलगाई गेल्या आणि मासे वाचले, एवढ्यावरून मी त्याला फोनवरच नखं पाहायला सांगितली.

म्हणून घरात नियम करा:

बागेत किंवा कपाशीत औषध हाताळलेल्या दिवशी टँकमध्ये हात नाही, हातमोजे घालूनही नाही. दुसऱ्या कोणाला सांगा. टँकची बादली, मग आणि पाइप वेगळे, आणि त्यांवर मार्करने ‘टँक’ लिहिलेलं. फवारणीच्या पंपाशेजारी ते ठेवायचे नाहीत.

माशांना पांढरे ठिपके आले की दुकानदार जे निळं औषध देतो, त्यातल्या अनेकांत तांबं असतं. कोरल असलेल्या टँकमध्ये ते टाकू नका. मासा वेगळ्या टबात काढून उपचार करा. दगड आणि वाळूत मुरलेलं तांबं पुढे कितीतरी दिवस हळूहळू पाण्यात उतरत राहतं.

डासांची कॉइल आणि लिक्विडची मशीन यांतलं पायरेथ्रॉइड कीटक मारायलाच बनलेलं असतं आणि कोळंबी-खेकडे त्यांच्या जवळच्या कुळातले. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत मच्छरदाणी लावा. ग्रामपंचायतीची धूरफवारणी येणार असेल तेव्हा एअर पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा, टँकवर ओली चादर टाका, खिडक्या लावा. वेव्हमेकर सुरूच राहू द्या. धूर विरला की खोली मोकळी करून मग पंप लावा.

विषाची शंका आली तर ताजं कार्बन फिल्टरमध्ये टाका, २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी परत बदला. तांब्यासाठी धातू शोषणारं रेझिन मिळतं, ते मागवून ठेवा.

दिवाळीच्या रंगकामाला, फिनाइलला, अमोनियाच्या काचपुसणीलाही हेच लागू आहे.

९. आता टेस्ट किट उघडा, मग प्रकाश आणि शेजार बघा

इथवर काही सापडलं नसेल तर रसायनांकडे वळा.

अमोनिया शून्य हवा. थोडाही दिसला तर काहीतरी मेलंय किंवा खाणं जास्त होतंय. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असेल तर सॉफ्ट कोरल खूश असतात. नायट्रेट ४० असेल तर २० टक्के पाणी बदलून तो ३२ वरच येतो, म्हणून आठवड्याला एकदा असं काही आठवडे करत राहा आणि माशांचं खाणं निम्मं करा.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले तर आनंद मानू नका. कोरल फिकं पडतं आणि बुडबुडे धरलेली तपकिरी चिकट शेवाळं लोंबायला लागतात. ती डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांची असतात. तेव्हा पाणी बदलणं थांबवून माशांना जरा जास्त खायला घाला.

अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच ठेवा. कमी असेल तर महागडी बाटली कशाला, खाण्याचा सोडा पुरतो. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने ती १ डीकेएच वाढते. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा. आरओच्या पाण्यात विरघळवून प्रवाहात सावकाश ओता, आणि दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

प्रकाशाचं थोडक्यात: मशरूम फिकं पडून आक्रसलं तर प्रकाश जास्त आहे, त्याला खाली सावलीत न्या. झोअँथिडचे देठ लांबलचक होऊन वर झुकले तर प्रकाश कमी आहे. नवी लाइट बसवली की पन्नास टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला थोडी चढवा. हलवलेल्या कोरलला निदान दोन आठवडे पुन्हा हात लावू नका.

शेजार म्हणजे रासायनिक भांडण. लेदर कोरल पाण्यात अशी द्रव्यं सोडतं की शेजाऱ्याची वाढ खुंटते. लहान टँकमध्ये कार्बन कायम चालू ठेवा, दर तीन-चार आठवड्यांनी बदला. दोन जातींत वीतभर अंतर सोडा. दगडाच्या फटीतून काचेसारखं पारदर्शक, लांब बोटांचं फूल डोकावत असेल तर ते आयप्टेशिया नावाचं समुद्रफूल, म्हणजे एक प्राणीच. ते डंख मारून शेजारचं कोरल बंद पाडतं. त्याला चिमट्याने तोडू नका, तुकड्यांतून नवी उगवतात.

एक नियम मात्र मोडू नका: एका वेळी एकच बदल, आणि परिणाम बघायला आठवडा.

१०. कीड शोधताना स्वतःला जपा

रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल कागद लावून बघा. झोअँथिडच्याच रंगाच्या, पाठीवर झिरमिळ्या असलेल्या समुद्री गोगलगाई, चपटे किडे, कोरलवर चढून बसलेला खेकडा, असं सगळं तेव्हाच दिसतं. सापडलेला जीव चिमट्याने काढा आणि कोरल आयोडीनच्या रीफ डिपमध्ये (कोरल धुवायच्या द्रावणात) बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं बुडवा. घरात पडलेलं कपाशीचं कीटकनाशक ‘थोडंसं’ वापरून बघायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

आता हातमोज्यांबद्दल. काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी ते एक आहे. त्यामुळे:

झोअँथिड लागलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातले सगळे आजारी पडू शकतात. कापताना हातमोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. तोंडाने पाइप ओढून पाणी काढायची आपल्याकडे सवय आहे, ती या टँकसाठी कायमची सोडा. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या वेळी लांब ठेवा.

तोंडात धातूसारखी चव, छाती भरल्यासारखी होणं, स्नायू दुखणं, ताप किंवा डोळे जळणं असं काही झालं तर थांबू नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: समुद्री झोअँथिड हाताळलं होतं, पॅलिटॉक्सिनची शंका आहे. हे नाव कागदावर लिहून टँकच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा, कारण ऐनवेळी ते आठवत नाही.

११. सगळंच एकदम ढासळलं तर

मासे धापा टाकताहेत, पाण्याला वास येतोय, सगळी कोरलं मिटलीत. अशा वेळी हा क्रम धरा.

हवा आणि प्रवाह वाढवा. तापमान आणि क्षारता मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. मेलेला जीव शोधून काढा, दगडामागेही बघा. ताजं कार्बन घाला. तयार पाणी असेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला, पण तापमान आणि क्षारता जुळलेली असेल तरच. टँकची लाइट दोन दिवस मंद ठेवा. कोरलच्या अंगावर तपकिरी जेलीसारखा घाण वासाचा थर असेल तर पाइपने तो ओढून बाहेर टाका, प्रवाहात उडू देऊ नका, आणि सडका भाग, लगतचा थोडा निरोगी भागही घेऊन, कापून काढा.

घरात तयार खाऱ्या पाण्याचा ४०-५० लिटरचा झाकणबंद ड्रम कायम ठेवा. आपल्याला मीठ पार्सलने येतं, ते रात्री अकराला मिळत नाही.

पांढरं पडलेलं कोरल लगेच फेकू नका. मांस शाबूत असेल, स्पर्शाला आकसत असेल, तर मंद प्रकाशात आणि स्थिर पाण्यात त्याला रंग परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढा वेळ द्या.

आणि गेलेल्याच्या जागी नवीन आणायचं असेल तर टँकचे आकडे सलग महिनाभर स्थिर राहू द्या, आणि मागवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मुंबईहून निघालेलं पार्सल एप्रिल-मेमध्ये नागपूर-अमरावतीच्या गोदामात दुपारभर पडून राहिलं तर पिशवीतलं पाणी गरम होऊनच घरी येतं. पार्सल आलं की पिशवी न उघडता अर्धा तास टँकच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग वेगळ्या भांड्यात कोरल घेऊन त्यात टँकचं पाणी थोडं थोडं मिसळा, डिप करा, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये न जाऊ देता फक्त कोरल तळाशी, सावलीच्या जागेला बसवा.